नेपाळी खुंडा, खुकुरी आणि आरनावरचे हात

डोंगरवाट

काठमांडूला जाणारे आपले लोक पशुपतिनाथ, स्वयंभू आणि जमलं तर पाटण बघून परततात. स्वयंभूच्या टेकडीजवळच छाउनी भागात राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिकडे फार कोणी फिरकत नाही. नेपाळचे पंतप्रधान भीमसेन थापा यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ही इमारत सिलखाना म्हणजे शस्त्रागार म्हणून उभी राहिली. १९२८ मध्ये तिथे शस्त्रांचं संग्रहालय झालं आणि पुढे तेच राष्ट्रीय संग्रहालय बनलं. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाला दिलेली तलवार तिथे ठेवली आहे. माझं सांगणं एवढंच की ती बघून झाल्यावर खुंड्यांपुढेही थोडं थांबा.

खुंडा ही खास नेपाळी तलवार. इंग्रजी पुस्तकांत तिला 'कोरा' म्हणतात. पातं मुठीपाशी अरुंद निघतं, खाली झुकत जातं आणि शेवटाला एकदम पसरतं. धार आतल्या, बाकाच्या बाजूला. भोसकायला लागतं तसं टोक तिला नाहीच. शेवट छाटल्यासारखा, दोन महिरपी काढल्यासारखा. सगळा भार पुढे. मूठ धातूची, दोन चकत्यांच्या मधे हात गच्च बसेल इतकीच. म्हणजे हे शस्त्र पट्टा फिरवल्यासारखं खेळवायचं नाही, एकच घाव घालायचा आणि तो पूर्ण घालायचा. पसरट भागावर बहुतेक वेळा डोळा किंवा कमळ कोरलेलं असतं. देवीपुढे बली द्यायच्या रामदावावरही असाच डोळा असतो, बंगालात आणि नेपाळात दोन्हीकडे. म्यानाचा प्रश्नही या लोकांनी छान सोडवला आहे. टोक रुंद आणि मधला भाग अरुंद, मग पातं आत जाणार कसं? एक तर म्यान सरसकट टोकाएवढं रुंद करायचं, नाहीतर पात्याच्या आकाराचं शिवून पाठीमागे बटणं लावायची.

खुंडा आज क्वचितच घडतो. घडते ती खुकुरी, म्हणजे आपण कुकरी म्हणतो तो बाकदार सुरा, आणि तीही शंभर तऱ्हांची. भोजपुरे, चैनपुरे, धनकुटे ही पूर्व नेपाळातल्या गावांवरून पडलेली नावं. सिरुपाते म्हणजे सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी सडपातळ. बुढुने म्हणजे बुढुना माशाच्या डोक्यासारखी बसकी, पोटाला रुंद. पात्यावर दोन पन्हळी असतील तर दुई चिरा, तीन असतील तर तीन चिरा. चांदीने मढवलेल्या म्यानाची ती कोथीमोरा. ती वापरायची नसते, भेट द्यायची असते.

लोहाराच्या भट्टीला तिकडे आरन म्हणतात. लाकडी कोळसा, भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. एक जण सांडशीत तापलेला तुकडा धरतो, समोरचा घण मारतो, बाकाचा अंदाज पूर्ण नजरेचा. साचा नाही, आखणी नाही. ठोकून आकार आला की कानशीने घासणं, मुठीपाशी ती प्रसिद्ध खाच काढणं, आणि मग सगळ्यांत अवघड काम, पाणी देणं. अख्खं पातं पाण्यात बुडवत नाहीत. लालभडक पातं उभं धरून किटलीच्या तोटीतून फक्त धारेवर पाणी सोडतात, कुठे जास्त, कुठे थेंबभर. सगळा खेळ काही क्षणांचा. धार कडक होते, पाठ चिवट राहते. मूठ शिसवीची किंवा म्हशीच्या शिंगाची, ती लाखेने बसवतात. लाकडी म्यानावर चामडं चढवायचं काम परंपरेने सार्की लोकांचं. म्यानाच्या मागे दोन छोटी पाती असतात: कर्दा हा बारीक कामाचा चाकू, आणि चकमक, जिला धार नसते, तिच्यावर गारगोटी मारून ठिणगी पाडायची आणि खुकुरीची धारही तिनेच सरळ करायची.

या शस्त्रांना नेपाळात जे स्थान आहे ते कुठून सुरू होतं हे सांगायचं तर थेट काठमांडू खोऱ्याच्या जन्मकथेपाशी जावं लागतं. स्वयंभू पुराण सांगतं की खोरं हे एक मोठं सरोवर होतं. मंजुश्रीने आपल्या चंद्रहास खड्गाने चोभारचा डोंगर चिरला, पाणी वाहून गेलं आणि जमीन वस्तीला मोकळी झाली. चोभारची ती चिंचोळी घळ आजही आहे, बागमती तिच्यातूनच बाहेर पडते. एका शहराने आपली उत्पत्ती तलवारीच्या एका घावाला जोडावी, आणि तो घाव माणसावर नव्हे तर डोंगरावर पडलेला असावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे दशैं आला, म्हणजे नेपाळातलं नवरात्र-दसरा. आपल्या खंडेनवमीच्या दिवशी तिथेही शस्त्रांची, अवजारांची, गाड्यांची पूजा असते. आदल्या काळरात्री हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याजवळच्या कोतात, म्हणजे शस्त्रागाराच्या चौकात, बळी पडतात. नवमीला तळेजूचं एरवी बंद असणारं मंदिर लोकांसाठी उघडतं. खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांच्या वस्त्यांतून दशमीच्या सुमारास 'पाया' निघते, म्हणजे हातात खड्ग घेतलेल्या पुरुषांची मिरवणूक. दर बारा वर्षांनी पचली भैरवाचं सोंग घेतलेला नर्तक देशाच्या प्रमुखाबरोबर खड्गाची अदलाबदल करतो. पूर्वी राजा असायचा, आता राष्ट्रपती. राजेशाही गेली, हा विधी राहिला.

२००६ पर्यंत नेपाळच्या राजचिन्हावर दोन खुकुऱ्या एकमेकींना छेदून काढलेल्या होत्या. नेपाळी टोपीवरच्या बिल्ल्यात त्या अजून दिसतात.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. हे सगळं घडवणारी जात कामी. स्वतःला ते विश्वकर्मा म्हणवतात, आडनाव लावताना बरेच जण नुसतं वि. क. लिहितात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या साडेबारा लाखांवर होती. जंगबहादूरच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, त्यांना अस्पृश्य ठरवलं, कायद्याच्या पुस्तकात, लेखी. नवमीला ज्या शस्त्रावर अक्षता पडायच्या त्याच्या घडवणाऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं. १९६३ च्या नव्या ऐनाने हा भेद कायद्यातून काढला, २०११ मध्ये तो शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आला. पण पर्यटकांसाठीच्या दुकानात खुकुरीबरोबर जी छापील चिठ्ठी मिळते तिच्यात गुरखा शौर्याच्या चार ओळी असतात, कारागिराचं नाव नसतं. मला वाटतं शस्त्राचा सन्मान करायचा तर तो आरनापर्यंत पोचला पाहिजे.

ज्यांनी तिकडे काही पाहिलंय, घरात जुनं पातं आहे, किंवा लोहारकाम जाणता, त्यांनी जरूर लिहा.

कानस

उत्तम धागा. माझं हीट ट्रीटमेंटचं काम आहे, त्यामुळे किटलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज नेपाळात वापरतात ते बहुतेक पोलाद जुन्या ट्रक-बसच्या कमानीच्या पाट्यांचं. अशा पाट्यांत कार्बन साधारण ०.६ टक्के आणि क्रोमियम पाऊण टक्क्याच्या आसपास असतो. हे पोलाद पुस्तकाप्रमाणे तेलात विझवायचं. पाणी उष्णता फार झपाट्याने ओढतं, अख्खं पातं पाण्यात टाकलं तर तडा जायची भीती मोठी. आणि हे लोक पाणीच वापरतात! मग ते टिकतं कसं? कारण ते फक्त धारेवर ओततात. धार पातळ, ती क्षणात गार होऊन कडक होते. जाड पाठीत उष्णता शिल्लक राहते आणि ती हळूहळू धारेकडे परत येऊन तिचा ठिसूळपणा थोडा उतरवते. आम्ही जे दोन टप्प्यांत करतो, आधी कडक करणं आणि मग पुन्हा तापवून नरम करणं, ते तिथे एकाच क्रियेत होतं. तापमान मोजायला काही नाही, रंगावरून ओळखायचं. म्हणून आरनात उजेड कमी ठेवतात, उन्हात रंग कळत नाही.

आमच्याकडे तापमान मोजणारा पायरोमीटर आहे, टायमर आहे, तरी कधी माल परत येतो. नुसत्या डोळ्यांवर शेकडो पाती एकसारखी उतरवणाऱ्या माणसाला मी अभियंताच म्हणेन.

घेताना तपासायची एक खूण: बारीक कानस धारेवर हलकेच फिरवा, ती घसरली पाहिजे. तीच पाठीवर फिरवली तर पकडली पाहिजे. दोन्हीकडे पकडली तर पातं शोभेचं आहे.

गोदातीर

वाचनखूण साठवली. दोन शंका. खुकुरी म्यानातून काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत, हे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यात तथ्य आहे का? आणि ती मुठीपाशी असलेली खाच कशासाठी?

डोंगरवाट

गोदातीर, पहिलं साफ खोटं. खुकुरीने तिकडे लाकूड फोडतात, चारा कापतात, मांस तोडतात, कुंपणाचे बांबू छाटतात. दिवसातून कितीतरी वेळा ती बाहेर निघते. रक्ताची गोष्ट युद्धातल्या दहशतीतून पसरली आणि दुकानदारांनी जिवंत ठेवली.

खाचेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं गाईचं खूर, कोणी शंकराचा त्रिशूळ, कोणी म्हणतं रक्त किंवा झाडाचा चीक मुठीकडे ओघळू नये म्हणून. काम करणाऱ्यांशी बोलताना मला ओघळाचं उत्तर जास्त ऐकू आलं, पूजा करणाऱ्यांकडून खुराचं आणि त्रिशुळाचं. मला दोन्ही मान्य आहेत. एकाच पात्याने चारा कापायचा आणि त्याचीच पूजा करायची, तर दोन अर्थ राहणारच.

कानस, उजेडाबद्दलचं तुम्ही लिहिलंत त्यासाठी मनापासून आभार. ते मी पाहिलं होतं, कारण आज कळलं.

देवराई

लेख माहितीपूर्ण आहे पण मला एक गोष्ट खटकली. "एकच घाव घालायचा आणि तो पूर्ण घालायचा" हे वाचायला देखणं आहे, पण तो घाव रेड्याच्या मानेवर पडतो. नेपाळमधल्या 'बारा' नावाच्या जिल्ह्यातल्या बरियारपूरच्या गढीमाईच्या जत्रेत दर पाच वर्षांनी काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलंय. हजारो जनावरं उघड्या मैदानात. याला सांस्कृतिक महत्त्व म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

डोंगरवाट

देवराई, बाजूला ठेवायचं नाहीच. खुंड्याचं वजन पुढे का, मान एका घावात का तुटावी लागते, याचं उत्तर बळीशिवाय देता येत नाही. घाव अर्धवट राहणं तिथे अशुभ मानतात, त्यामुळे शस्त्र आणि हात दोन्ही त्या एका क्षणासाठी तयार केलेले असतात. गढीमाईचं मैदान मला स्वतःला सहन होण्यासारखं नाही, आणि नेपाळातही त्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ लोक आहेत. तिथल्या प्राणीमित्रांनी न्यायालयापर्यंत लढा नेला आहे.

पण त्याच परंपरेत दुसरी वाटही आहे. वर ज्या 'पाया'चा उल्लेख केला तिच्यात खड्ग उतरतं ते कोहळ्यावर. आपल्याकडेही नवरात्रात कित्येक घरांत बळी म्हणून कोहळा फोडतात. शस्त्र तेच, मंत्र तेच, बळी बदलला. म्हणजे ज्यांना बदल हवा आहे त्यांना तो बाहेरून आणायची गरज नाही, घरातच सापडतो.

देवराई

हे पटलं. कोहळ्याचं माहीत नव्हतं.

पलटण

वडील गोरखा पलटणीत डॉक्टर होते, त्यामुळे माझं बालपण त्या वातावरणात गेलं. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

देहरादूनला सहस्रधारा रस्त्यावर खलंगा स्मारक आहे, तिथे नक्की जा. १८१४ मध्ये इंग्रज-नेपाळ युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या नालापानीच्या गढीवर बलभद्र कुंवर हा नेपाळी सेनानी मूठभर माणसांनिशी उभा होता, गढीत बायका-मुलंही होती. ३१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात इंग्रजांचा सेनापती जनरल गिलेस्पी पडला. गढी पडायला महिना लागला, तीही पाणी तोडल्यामुळे. तोफा असलेल्या फौजेला भिंतीच्या भगदाडात समोरासमोर गाठून खुकुरीने मागे रेटलं होतं. नंतर इंग्रजांनी तिथे दोन स्तंभ उभारले, एक आपल्या माणसांचा आणि दुसरा बलभद्र आणि त्याच्या गोरख्यांचा. शत्रूसाठी शत्रूने उभारलेलं स्मारक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्याच युद्धाच्या दरम्यान, १८१५ मध्ये, इंग्रजांनी गोरख्यांची भरती सुरू केली.

स्वातंत्र्यानंतर दहापैकी सहा गोरखा पलटणी भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या, आणि ११ गोरखा रायफल्स आपण नव्याने उभी केली. प्रत्येक जवानाला आजही खुकुरी मिळते. ती कोथीमोरा नसते, साधी, कामाची. शस्त्रपूजेला बंदुकांबरोबर ती मांडतात.

आणि एक नाव राहून जाऊ नये. आपल्या नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. दीवला समुद्रकाठी स्मारक आहे.

बखरवेडा

पलटण, सुंदर प्रतिसाद. पण त्याच इतिहासाचं दुसरं पान मराठी माणसाने तरी विसरू नये. १८५७ च्या उठावात जंगबहादूर स्वतः हजारो गुरखे घेऊन इंग्रजांच्या मदतीला उतरला आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ पाडण्यात ती फौज होती. आणि लखनौ हातची गेल्यावर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल यांनी आसरा शोधला तो नेपाळच्याच तराईत. पेशव्यांच्या घरातल्या बायकांना जंगबहादूरने आसरा दिला. बेगम काठमांडूतच राहिल्या, १८७९ मध्ये तिथेच वारल्या, घंटाघराजवळ त्यांची कबर आहे. ज्याच्या खुकुरीने लखनौ पडलं त्याच्याच राज्यात लखनौच्या बेगमेला निवारा मिळाला. शौर्य सांगताना ते कोणाच्या बाजूने होतं हेही सांगावं.

डोंगरवाट

अगदी बरोबर. आणि खोऱ्यातल्या लोकांनाही हा प्रश्न आहेच. कीर्तिपूरच्या बाघ भैरव मंदिरात जाऊन बघा. नेपाळ एक करणारा गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने कीर्तिपूरला पुन्हा पुन्हा वेढा दिला, १७५७ च्या लढाईत त्याचा सेनापती काळू पांडे तिथेच पडला, आणि शेवटी गाव हाती आल्यावर गोरखाली फौजेने गावकऱ्यांची नाकं कापली, असं तिथले नेवार आजही सांगतात. त्या लढायांतल्या तलवारी आणि ढाली मंदिराच्या भिंतीवर ठोकून ठेवल्या आहेत, गंजलेल्या. एका बाजूला राष्ट्र एक झाल्याचा अभिमान, दुसऱ्या बाजूला ती भिंत. काठमांडूला गेलात तर छाउनी आणि कीर्तिपूर एकाच दिवशी करा, असं मी सगळ्यांना सांगतो.

बागलुंगची

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा जन्म पुण्याचा, शाळा मराठी, घर मात्र नेपाळी. बाबा एका सोसायटीत चौकीदार होते. आम्ही विश्वकर्मा. ज्या जातीबद्दल वर लिहिलंय तीच.

डोंगरवाट, तुम्ही चांगल्या भावनेने लिहिलंय हे कळतं. तरी काही बोलायचंय. आजोबांचं आरन होतं. खुकुरी वर्षातून थोड्याच, बाकी कोयते, नांगराचे फाळ, कुदळी. त्याचे पैसे मिळत नसत. सुगी झाली की बिष्ट म्हणजे मालक घरं धान्य द्यायची, त्याला बाली म्हणतात. तुमच्याकडच्या बलुत्यासारखंच. किती द्यायचं ते मालक ठरवणार. धान्य न्यायला गेलं तर अंगणाच्या कडेला उभं राहायचं. आजोबांनी घडवलेली खुकुरी त्या घराच्या देवघरात आणि आजोबा अंगणाच्या बाहेर, हे बाबांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय.

काका कतारला गेले, आरन बंद पडलं. लोक म्हणतात कला मेली, वाईट झालं. मला आरन बंद पडल्याचं दुःख नाही. काकांची मुलगी नर्सिंग शिकतेय, ते त्या पैशांवर. बाबा पुण्यात गेटवर उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा कोणी त्यांना जात न विचारता चहा दिला, हे ते अजून सांगतात. कायदे झाले हे खरं, पण आमच्या नात्यातल्या मुलीला राजधानीत आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली गेली, ते काही जुनं नाही.

म्हणून परंपरा टिकली पाहिजे असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणी टिकवायची? आम्हीच का?

कानस

बागलुंगची, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. लिहिल्याबद्दल आभार. आमच्याकडेही लोहार, घिसाडी, शिकलगार यांच्या पोरांनी भाता सोडला तेव्हा हळहळणारे बहुतेक लोक त्या भात्याजवळ कधी बसलेले नव्हते.

डोंगरवाट

बागलुंगची, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला आहे आणि त्याला वळसा घालून मला जायचं नाही.

आरन सोडणं हा तुमच्या घराचा हक्क होता. ज्या कामाने आजोबांना अंगणाबाहेर उभं केलं ते मुलांनी करावं असं कोणीही म्हणू नये, मीही म्हणणार नाही. मला म्हणायचंय ते आज ज्यांनी स्वतःहून हे काम हातात ठेवलंय त्यांच्याबद्दल. पूर्व नेपाळातल्या धरानमध्ये मी ज्या कारखान्यांत गेलो तिथे धान्यावर कोणी काम करत नव्हतं, नगावर रोख मजुरी होती. काही ठिकाणी कारागीरच मालक होता, परदेशातून थेट मागणी घेत होता आणि पात्यावर स्वतःची खूण ठोकत होता. त्यातल्या एका तरुण दाइंनी (दाइ म्हणजे दादा) मला सांगितलं की वडिलांना लाज वाटायची ते काम मी विकतो, आणि किंमत मी सांगतो. दुसऱ्या ठिकाणी मात्र मजूर तसाच अंधारात आणि नफा शोरूमचा. हे दोन्ही एकाच रस्त्यावर. खरेदी करणाऱ्याच्या हातात फार नसतं, पण कुठल्या दारात जायचं एवढं तरी असतं.

परंपरा टिकवायचं ओझं कामी समाजाचं नाही. ज्यांना ती हवी आहे, पूजेला, पलटणीला, भिंतीवर लावायला, त्यांनी तिची पूर्ण किंमत द्यावी. आणि पूर्ण किमतीत पैशांबरोबर अंगण ओलांडून आत यायचा मानही आला.

बागलुंगची

दाइंचं ते वाक्य आवडलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, किटलीचं पाणी कुठल्या ओढ्याचं होतं त्यावरून आजोबा पातं चांगलं उतरणार की नाही सांगायचे. आणि आणखी एक, आमच्याकडे उशीखाली खुकुरी ठेवतात, वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून. ती अजून बाबांच्या उशीखाली आहे. आजोबांच्या हातची. ती विकायची नाही.

कानस

ओढ्याच्या पाण्याचं बाबांना सांगा की त्यात शास्त्र आहे. पाण्यात क्षार किती, तापमान किती, यावर थंड होण्याचा वेग खरंच बदलतो. मिठाच्या पाण्यात पोलाद साध्या पाण्यापेक्षा जोरात विझतं. आजोबांना ते अनुभवाने कळत होतं.

बखरवेडा

एक पुरवणी. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलखान्यातला राणा काळातला प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी नेपाळ सरकारकडून विकत घेतला. बंदुकांबरोबर हजारो खुकुऱ्या जहाजाने गेल्या आणि आता जगभर संग्राहकांकडे आहेत. त्यांच्या पाठीवर देवनागरीत पलटणीची अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. परदेशी संग्राहक ती अक्षरं वाचून घेण्यासाठी इंटरनेटवर मदत मागत असतात. आपल्याला लिपी येते, कुठे दिसलं तर वाचून द्यावं. मी अधूनमधून देतो. पलटणीचं नाव सापडतं, घडवणाऱ्याचं अजून एकदाही सापडलेलं नाही.

गोदातीर

इतकं वाचल्यावर आता एक चांगली खुकुरी घ्यायची इच्छा आहे. दिवाळीनंतर काठमांडूला जातोय. कुठून घ्यावी, आणताना काही अडचण, आणि नंतर निगा कशी राखायची? कोणी नीट सांगाल का?

डोंगरवाट

क्रमाने सांगतो.

काठमांडूतल्या ठमेल या पर्यटकांच्या भागातल्या चकचकीत पाती, सिंहमुखी मुठी आणि रंगीत खडे असलेल्या खुकुऱ्या सोडून द्या. विक्रेत्याला विचारा की घडवली कुठे, कोणी, आणि कारखाना बघता येईल का. जो उत्तर देतो त्याच्याकडे थांबा. दिवस हातात असतील तर पूर्वेला धरानपर्यंत जा. मूठ धरून हलवा, जराही खुळखुळली तर नको. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. दोन फळ्यांमधून पातं दिसणारी, खिळे मारलेली मूठ म्हणजे पानावाल, कामाला सर्वांत भरवशाची. कर्दा आणि चकमक दोन्ही आहेत ना ते बघा. कानशीची खूण वर कानस यांनी दिलीच आहे, दुकानदाराला विचारून करा.

विमानात हातातल्या सामानात अजिबात ठेवू नका, चेक-इनमध्ये कपड्यांत गुंडाळून, पावतीसकट. भारतात शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, घरकाम, शेती किंवा कारखान्याच्या वापराचं सोडून, शस्त्रात मोडतं, आणि ज्या भागात सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे परवाना लागतो. तेव्हा लहान पात्याची घ्या आणि आपल्या भागातला नियम पोलीस ठाण्यात विचारून ठेवा. रस्त्याने मिरवू नका.

निगा सोपी आहे. हाताळल्यावर पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण बोटांच्या घामानेच पहिला गंज चढतो. मग तेलाचा पातळ हात. दीर्घकाळ म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं; कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात म्यान वेगळं आणि पातं तेल लावून कागदात. शिंगाची मूठ कोरड्या हवेत आकसते, तिलाही महिन्यातून एकदा तेल. म्यानातून काढताना बोटं म्यानाच्या धारेकडच्या कडेवर कधीही गुंडाळू नका, चामडं आणि लाकूड कापून पातं बाहेर येऊ शकतं. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं.

आणि दुकानात कारागिराचं नाव मिळालं तर लिहून घ्या आणि इथे येऊन सांगा. बागलुंगची, बाबांना आजोबांच्या पात्यावरची एखादी खूण आठवत असेल, तर तीही या धाग्यात नोंदवाल का?

बागलुंगची

खाचेच्या वर तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. बाबा म्हणतात ती आमच्या आरनाची. आजोबांचं नाव जितबहादुर. असं काम कुठे दिसलं तर कळवा.